नायिका, सखी आणि दूती : प्रसाधनविक्रीच्या नव्या भाषेसंबंधी काही विचार

संस्कृत साहित्यशास्त्रातील एखादी संज्ञा शतकानुशतके पोथ्यांतून पडून राहावी आणि एके दिवशी ती लिपस्टिकच्या वेष्टनावर छापलेली आढळावी, ही घटना भाषेच्या अभ्यासकाने केवळ गंमत म्हणून सोडून द्यावी अशी नाही. २०१२ साली मुंबईत फाल्गुनी नायर ह्यांनी इंटरनेटवरून सौंदर्यप्रसाधने विकणारे दुकान काढले व त्यास ‘नायका’ असे नाव दिले. त्यापूर्वी त्या कोटक महिंद्र समूहाच्या भांडवलविषयक व्यवसायात व्यवस्थापकीय संचालक होत्या. म्हणजे हे नाव एखाद्या साहित्यरसिकाच्या लहरीतून निघालेले नसून हिशेबाची सवय असलेल्या व्यक्तीने विचारपूर्वक निवडलेले आहे, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे. पुढे २०१८ मध्ये वस्त्रप्रावरणांचा विभाग निघाला, २०१९ मध्ये अभिनेत्री कतरिना कैफ हिच्या सहभागाने ‘के ब्यूटी’ ही प्रसाधनमाला आली, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीचे भाग शेअरबाजारात दाखल झाले. व्यवसायाच्या यशापयशाची चर्चा अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी करावी. येथे प्रश्न आहे तो ह्या दुकानाभोवती आणि त्याच्यासारख्या इतर दुकानांभोवती जी एक बोलण्याची रीत निर्माण झाली आहे, तिचा.

प्रथम नावाविषयी. ‘नायका’ हे नाव संस्कृत ‘नायक’ ह्या शब्दावरून घेतले असून जिच्यावर प्रकाशझोत आहे अशी स्त्री त्यातून सुचवावयाची आहे, असे कंपनीच्या बाजूने सांगितले जाते. ‘नी’ धातूपासून ‘नायक’ आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप ‘नायिका’, ही व्युत्पत्ती सर्वश्रुत आहे. मधला ऱ्हस्व इकार जलद उच्चारात गळणे हेही आपल्याकडील भाषांना नवे नाही. तथापि मराठी कानाला ह्या नावातून आणखी काही ऐकू येते. मराठी व्याकरणात ‘नायका’ हे नायक ह्या पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप होय, आणि तेच त्याचे संबोधनाचे एकवचन. देव–देवा, बालक–बालका, तसे नायक–नायका. दुकानाच्या पाटीवर जी स्वतःचे नाव म्हणून उभी आहे ती मराठी वाचकाला कोणा पुरुषाला मारलेली हाक वाटावी, हा योगायोग मौजेचा खरा. ‘नायकीण’ हा जो शब्द मराठीत रूढ झाला त्याचा अर्थ कलावंतीण असा होता व त्याला प्रतिष्ठा नव्हती, हेही येथे आठवते. नव्या नावाने रोमन लिपीचा आधार घेऊन, शेवटी दोन ‘ए’ लावून, ह्या सर्व जुन्या संबंधांपासून स्वतःला अलग करून घेतले. अशा वेळी लिपी ही केवळ उच्चार लिहिण्याचे साधन राहत नाही. ती शब्दाचे पूर्वचरित्र पुसण्याचेही साधन होते.

ह्या व्यापारात असे पूर्वी एकदा घडले आहे. १९५२ साली टाटा ऑइल मिल्सने ‘लॅक्मे’ ही प्रसाधनांची संस्था काढली. ते नाव लेओ दलीब ह्या फ्रेंच संगीतकाराच्या १८८३ मध्ये पॅरिसला रंगमंचावर आलेल्या ऑपेरातील नायिकेचे, आणि ते म्हणजे ‘लक्ष्मी’ ह्या नावाचा फ्रेंच अवतार. लक्ष्मी परदेशी जाऊन परत आली तेव्हा घरच्यांनी तिला ओळखले नाही, आणि न ओळखल्यामुळेच तिचा भाव वधारला. साठ वर्षांनंतर नायिकेला मात्र परदेशी जावे लागले नाही. तिने घरच्या घरीच वेष पालटला. दोन काळांतील आत्मविश्वासाचा फरक ह्यातून दिसतो, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

आता मुख्य विषयाकडे वळावयाचे. महाराष्ट्रातील गावोगावी प्रसाधने ज्या दुकानांतून विकली जात त्यांना लोक ‘कटलरीचे दुकान’ म्हणत, अजूनही म्हणतात. टिकल्यांची पाकिटे, बांगड्या, रिबिनी, पावडरचे डबे, नखांना लावायचा रंग, हे सारे तेथे काचेच्या पेटीत असे. गिऱ्हाईक वस्तू हातात घेई, मनगटाच्या आतल्या बाजूस रंगाचा एक पट्टा ओढून पाही, वास घेई, सोबतच्या बहिणीला किंवा जावेला विचारी. दुकानदाराला फार बोलावे लागत नसे, कारण वस्तू समोर होती. इंटरनेटवरील दुकानात नेमके हेच नाही. तेथे रंग पडद्याच्या मर्जीप्रमाणे बदलतो, वास येत नाही, कातडीवर लावून पाहता येत नाही. स्पर्श व गंध ह्यांची ही तूट कशाने तरी भरून काढणे भाग होते, आणि ती शब्दाने भरून काढण्यात आली. ह्या प्रकारच्या दुकानांनी मालाबरोबरच लेख, शिकवणीच्या चित्रफिती, वापरणाऱ्यांचे अभिप्राय ह्यांचा एवढा मोठा पसारा मांडला, त्याचे कारण हे आहे. आणि ज्यांना समाजमाध्यमांवर मोठा अनुयायीवर्ग आहे अशा व्यक्ती, ज्यांना इन्फ्लुएन्सर असे म्हणतात, त्या ह्याच गरजेतून दुकानाच्या दाराशी आल्या. ‘प्रभावक’ हा त्यासाठी सुचविलेला प्रतिशब्द वृत्तपत्रांत दिसतो, पण बोलण्यात तो कोणी वापरीत नाही. त्यामुळे येथेही रूढ शब्दच ठेवला आहे. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली, त्यानंतर लगेच जुलैमध्ये इन्स्टाग्रामने ‘रील’ हा लघुचित्रफितीचा प्रकार येथे सुरू केला, आणि ह्या बोलण्याला त्याचा आजचा आटोपशीर आकार मिळाला. मराठीतून असे बोलणाऱ्या स्त्रिया आज पुण्यामुंबईपुरत्या राहिलेल्या नाहीत.

ह्या बोलण्याकडे एक वाङ्मयप्रकार म्हणून पाहावयाचे ठरविले तर त्याची परीक्षा कोणत्या मापाने करावी? माप शोधण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही; दुकानाने स्वतःच ते नावातून पुरविले आहे. जेथे नायिका आली तेथे तिचा परिवारही आला. भरताच्या नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ नायिकांपैकी प्रियकराच्या येण्याची वाट पाहत स्वतःला सजविणारी अशी एक वासकसज्जाच आहे. अभिसारिकाही नटते, पण तिचा मुख्य धर्म निघून जाणे हा. प्रोषितभर्तृकेने तर केसही विंचरावयाचे नाहीत. म्हणजे साहित्यशास्त्रातील नायिका ही सदासर्वदा नटलेली स्त्री नव्हे. शृंगारप्रसाधन ही तिची एक अवस्था आहे, व ती अवस्था प्रियकराच्या जवळ असण्या–नसण्याशी बांधलेली आहे. आजच्या दुकानाने आठही जणींची वासकसज्जा केली आणि वाट पाहण्यासाठी कोणी ठेवला नाही. ‘स्वतःसाठी नटावे’ हे त्याचे सांगणे आहे. हा बदल क्षुल्लक मानता येणार नाही. ज्या समाजात स्त्रीने कोणासाठी नटावे व केव्हा नटू नये ह्याचे नियम इतके कडक होते, तेथे ‘कोणासाठीही नाही’ हे उत्तर उघडपणे देता येणे ही एक प्राप्ती आहे. कटलरीच्या दुकानात चार लोकांच्या देखत लाल रंगाची लिपस्टिक मागण्यास जी संकोचली असती ती आता घरी बसून मागवू शकते, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु नायिकेपेक्षा तिच्या परिवाराचा विचार येथे अधिक उद्बोधक ठरतो. भानुदत्ताने ‘रसमञ्जरी’त सखी आणि दूती ह्यांच्या कामांची स्वतंत्र वाटणी करून दिली आहे. सखीची कामे चार : मंडन, उपालंभ, शिक्षा आणि परिहास, म्हणजे सजविणे, ठपका देणे, शिकविणे आणि थट्टा करणे. दूतीची कामे वेगळी : दोघांची गाठ घालून देणे, एकाचा विरह दुसऱ्याला निवेदन करणे इत्यादी. सखी विश्वासाची असते व ती नायिकेच्या बाजूची असते. दूती निरोप घेऊन जाणारी. ती कोणाकडून आली आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असावे लागते, एरवी तिच्या बोलण्याचा अर्थच लागत नाही.

इन्फ्लुएन्सर ही भूमिका सखीची घेते, ह्याविषयी दुमत होऊ नये. ती स्वतःच्या घरातून बोलते, आरशासमोर बसून बोलते, ‘मैत्रिणींनो’ अशी हाक मारते. सखीच्या चार कामांपैकी मंडन तर ती करतेच. शिक्षाही करते, आणि पुष्कळदा फार चांगली करते. डोळ्याच्या कडेला रेघ कशी ओढावी, घामाच्या दिवसांत चेहऱ्यावरील रंग कसा टिकवावा, तेलकट कातडीला कोणता लेप सोसत नाही, हे ज्ञान पूर्वी मोठ्या शहरांतील थोड्या पार्लरांपुरते मर्यादित होते व पैसे मोजून मिळे. ते आज मराठीतून, सावकाश, कृती करून दाखवीत, फुकट मिळते. हे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकाला हेवा वाटावा इतक्या नेमक्या वाक्यांत दिलेले असते. जे ह्या चित्रफितींना सरसकट थिल्लर म्हणतात त्यांनी त्या लक्षपूर्वक ऐकलेल्या नसाव्यात.

अडचण आहे ती उरलेल्या दोन कामांत. परिहास थोडासा असतो, पण तो बोलणारीच्या स्वतःच्या वेंधळेपणाचा. वस्तूची थट्टा सहसा होत नाही. उपालंभ तर जवळजवळ नाहीच. सखी नायकाला ठपका देते, प्रसंगी नायिकेलाही खडसावते. तिच्या स्तुतीला किंमत येते ती ह्यामुळे. जी कधीच दोष काढीत नाही तिची स्तुती शिष्टाचारात मोडते. २०२३ च्या आरंभी ‘डीइन्फ्लुएन्सिंग’ ह्या नावाने एक उलटी लाट आली व अमुक वस्तू घेऊ नका असे सांगणाऱ्या चित्रफिती निघू लागल्या. हा उपालंभच होता. परंतु त्यांपैकी पुष्कळ चित्रफितींचा शेवट ‘त्याऐवजी हे घ्या’ ह्या वाक्याने होऊ लागला, आणि थोड्याच अवधीत ठपका हाही विक्रीचा एक प्रकार झाला.

ह्याचे कारण व्यवहारात आहे. सखीच्या वेषातील ही स्त्री दूतीचे काम करीत असते. कंपनी तिला मानधन देते, किंवा माल फुकट पाठविते, किंवा तिने दिलेल्या दुव्यावरून खरेदी झाली तर तिला दलाली देते. कधी तिच्या नावाचाच एक सवलतीचा संकेत तयार करतात; गिऱ्हाइकाने पैसे भरताना ते नाव टंकले की किंमत थोडी उतरते आणि विक्री कोणामुळे झाली ह्याची नोंद होते. विशेषनामाचा असा उपयोग व्याकरणकारांच्या स्वप्नातही आला नसेल : नाव घेतले की सूट मिळते. उखाण्यातील नावालाही इतका रोकडा मोबदला नव्हता. दूती असणे हा दोष नव्हे, हे येथे आग्रहाने सांगितले पाहिजे. दलाली हा जुना व उघड व्यवसाय आहे. दारावर येणारी बोहारीण किंवा बांगड्या घेऊन येणारा कासार गोड बोले, ‘ताई, हा रंग तुम्हांला शोभून दिसतो’ असे म्हणे. पण तो विकावयास आला आहे हे ऐकणारीला पक्के माहीत असे, व ती त्या गोडव्यातून तेवढा भाग वजा करून घेई. बोलणारा कोण हे कळले म्हणजे बोलण्याचे मोल ठरविता येते. सखी आणि दूती ह्यांची कामे एकीनेच करण्यातही शास्त्राचा मोठासा भंग नाही. भंग होतो तो दूतीने सखी म्हणून ऐकवून घेण्यात.

काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला ह्या ठिकाणी मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त उत्तम काव्याचे उदाहरण म्हणून घेतलेला एक श्लोक आठवल्यावाचून राहणार नाही. नायिकेने प्रियकराला आणावयास पाठविलेली दूती परत येते व आपण विहिरीवर स्नानास गेलो होतो असे सांगते. नायिका तिच्या अंगावरील पुसलेले चंदन, ओठांचा गेलेला रंग, डोळ्यांतील नाहीसे झालेले काजळ ह्यांचे वर्णन करते आणि होय, स्नानालाच गेली होतीस, त्या अधमाकडे नव्हे, असे म्हणते. बोलण्यात होकार आहे, ध्वनित होते ते नेमके उलट. दूतीचा स्वतःचा स्वार्थ तिच्या प्रसाधनाच्या खुणांवरून वाचला जातो. ह्या श्लोकातील नायिकेपाशी जी वाचण्याची शक्ती आहे ती आजच्या चित्रफितीच्या प्रेक्षकाला कोठून मिळणार? खुणा आहेत, पण त्या अंगावर नसून भाषेत आहेत.

पहिली खूण सर्वनामांची. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा भेद आहे : ‘आपण’ म्हणताना ऐकणाराही आत येतो, ‘आम्ही’ म्हणताना तो बाहेर राहतो. इंग्रजीला हा भेद एका सर्वनामाने दाखविता येत नाही. प्रसाधनाच्या मराठी चित्रफितीत शिकवणीचा सारा भाग बहुधा ‘आपण’मध्ये चालतो : आता आपण थोडंसं प्रायमर घेऊया, ते आपण बोटानंच पसरवूया, अशा वळणाने. कृती बोलणारी एकटीच करीत असते, तरी क्रियापद दोघींचे असते, आणि ह्यामुळेच ऐकणारीला शेजारी बसल्याचा भास होतो. मग विक्रीचे वाक्य येते आणि सर्वनाम पालटते : लिंक खाली दिली आहे, तुम्ही नक्की चेक करा. ‘आपण’ संपून ‘तुम्ही’ सुरू झाले की तेथे सखी उठून गेली व दूती येऊन बसली असे खुशाल समजावे. ‘मैत्रिणींनो’ ह्या अनेकवचनी हाकेमुळे हा ‘तुम्ही’ संख्येचा की अंतराचा, हे मोघम राहते. एकट्या मैत्रिणीला मराठीत ‘तू’ म्हणतात. आणि जे सर्वनाम वस्तुस्थितीला सर्वांत धरून झाले असते ते, म्हणजे बोलणारी व कंपनी मिळून होणारे ‘आम्ही’, ह्या बोलण्यात कधी येतच नाही.

दुसरी खूण अधिक सूक्ष्म आहे. ऐकीव गोष्ट सांगताना मराठी माणूस ‘म्हणे’ हा शब्द जोडतो. काही भाषांत माहितीचे मूळ क्रियापदाच्या रूपातच दाखवावे लागते. मराठीत तशी सक्ती नाही, पण ‘म्हणे’ हे तेच काम करते. ‘तो मुंबईला गेला’ आणि ‘तो मुंबईला गेला म्हणे’ ह्यांत जबाबदारी कोणाची हा फरक आहे. आता एखाद्या डबीत अमुक टक्के जीवनसत्त्व आहे, तमुक आम्ल कातडीत खोलवर शिरते, आठ आठवड्यांत डाग फिके होतात, ही विधाने बोलणारीला कंपनीच्या टिपणावरूनच कळलेली असतात. मराठीच्या रीतीप्रमाणे तेथे ‘म्हणे’ यावयास हवे. ते येत नाही. उलट ही ऐकीव विधाने ‘मी गेले तीन आठवडे वापरतेय’, ‘मला खूप फरक जाणवलाय’ अशा अनुभवाच्या वाक्यांत गुंफली जातात, आणि क्रियापदाच्या त्या जिव्हाळ्याच्या रूपाचा रंग शेजारच्या ऐकीव वाक्यालाही लागतो. खोटे बोलल्याचा आरोप येथे करावयाचा नाही. तिने तीन आठवडे ती वस्तू वापरलीही असेल. पण जे वापरून कळते आणि जे सांगितल्याने कळते त्यांतील सीमारेषा भाषेने आखून ठेवली होती, ती पुसली जाते. मराठीची ह्यात जी हानी आहे ती इंग्रजी शब्दांच्या भरण्यापेक्षा गंभीर आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

ही सीमा कायद्याने व नियमाने पुन्हा आखण्याचे प्रयत्न झाले आहेत. जाहिरातव्यवसायाने स्वतःवर नियंत्रण ठेवण्यासाठी १९८५ मध्ये स्थापिलेल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ह्या संस्थेचे इन्फ्लुएन्सरविषयक नियम १४ जून २०२१ पासून लागू झाले. मोबदला, फुकट वस्तू किंवा अन्य संबंध असेल तर तसा शब्द चित्रफितीवर ठळकपणे द्यावयाचा, असा त्यांचा आशय. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही मार्गदर्शन प्रसिद्ध केले व चित्रफितीत ही कबुली दिसलीही पाहिजे आणि ऐकूही आली पाहिजे, असे सांगितले. हेतू निर्विवाद चांगला आहे. भाषेच्या दृष्टीने मात्र २०२१ च्या नियमांत एक फट राहिली : ती खूणचिठ्ठी इंग्रजीत असावी, किंवा जाहिरातीच्या भाषेत प्रेक्षकाला कळेल अशी भाषांतरित असावी. विकल्प दिला की सोपी बाजू निवडली जाते. दहा वाक्ये मराठीत आणि कबुलीचा एकच शब्द इंग्रजीत, तोही पुष्कळदा ‘कोलॅब’ असा, असे चित्र दिसते. ‘कोलॅबोरेशन’ ह्या शब्दाने दोन समान कलावंतांनी मिळून काही निर्माण केल्याचा आभास होतो. कोणी कोणाला पैसे दिले हे त्यातून समजत नाही. त्याचे ‘सहयोग’ असे भाषांतर केल्याने काही साधणार नाही, कारण मोघमपणा भाषांतरातही टिकतो. मराठीला ह्या कामी परकी मदत घेण्याचे कारणच नव्हते. अरबी ‘जाहिर’ म्हणजे उघड, प्रकट. जाहीर सभा, जाहीरनामा, जाहीर करणे ह्यांतील तोच शब्द ‘जाहिरात’मध्ये आहे. उघड करण्याचा अर्थ ज्याच्या पोटातच आहे असा शब्द घरात असताना झाकणारा शब्द बाहेरून आणला जातो, हे अनवधानाने होत असेल असे वाटत नाही.

शब्दसंपत्तीच्या प्रश्नाला येथे थोडा अधिक अवकाश द्यावा लागेल, कारण त्याविषयी नेहमी जे बोलले जाते ते नेमके नसते. प्रायमर, कन्सीलर, सीरम ही नामे मराठीत आली म्हणून शोक करणे व्यर्थ आहे. वस्तू नवी, तिचे नावही नवे. पावडर आणि स्नो हे शब्द असेच आले होते. ‘अंडरटोन’ ह्या शब्दाने तर मराठीत पूर्वी नसलेला एक भेद आणून दिला : दोघींचा वर्ण सारखाच उजळ किंवा सारखाच सावळा असूनही एकीच्या कातडीखाली पिवळसर झाक असते व दुसरीच्या गुलाबी, हे आता सांगता येते. नामांनी भाषा मोडत नाही. मोडते ती क्रियापदांनी, आणि तिकडे कोणाचे लक्ष नाही. मराठी स्त्री कुंकू लावते किंवा रेखते, काजळ घालते, भांग पाडते, वेणी घालते, गजरा माळते, बांगड्या भरते, मेंदी काढते, लुगडे नेसते, दागिना लेते. प्रत्येक क्रियेचा हाताशी असलेला संबंध निराळा, म्हणून क्रियापद निराळे. ‘बांगड्या भरणे’ ह्यात कासाराने मनगट दाबून एकेक बांगडी चढविण्याची सारी रीत साठविलेली आहे. ‘माळणे’ हे फुलांखेरीज दुसऱ्या कशालाही लागत नाही. नव्या बोलण्यात ह्या सर्वांच्या जागी इंग्रजी धातू व ‘करणे’ अशी एकच जोडणी येते : काजळ अप्लाय करा, बांगड्या वेअर करा, साडी ड्रेप करा, आणि सर्व झाल्यावर ती साडी कॅरी करा. ‘नेसणे’ ह्या क्रियापदाच्या जागी दोन आली खरी, पण दोन्ही मिळून तेवढे सांगत नाहीत. पार्लरमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांच्या तोंडी ह्या क्रियापदांपैकी बरीच अजून आहेत. ‘आयब्रो करणे’ ह्याबरोबरच ‘भुवया कोरणे’ हेही ऐकू येते. त्यांच्या बोलीची पद्धतशीर नोंद घेण्याचे काम एखाद्या संशोधकाने हाती घ्यावे, इतके ते निकडीचे आहे.

वर्णवाचक विशेषणांची गोष्ट वेगळी आणि गुंतागुंतीची आहे. हिंदुस्थान युनिलिव्हरने जुलै २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ ह्या आपल्या सुप्रसिद्ध मलमाच्या नावातून गोरेपणाचा निर्देश काढून ‘ग्लो अँड लव्हली’ असे नाव केले. तेव्हापासून ह्या क्षेत्रातील बोलण्यातून ‘गोरी’ हा शब्द मागे सरला व ‘ग्लो’ पुढे आला. नायका व तिच्यासारख्या दुकानांतून बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सर गोरेपणाचे आश्वासन आता उघडपणे क्वचितच देतात, आणि ही सुधारणा प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. परंतु मराठीत बोलताना ‘ग्लो’चे भाषांतर ‘उजळपणा’ असे होते आणि तेथे जुना अर्थ मागील दाराने परत येतो. कारण मराठीत उजळ म्हणजे तेजस्वीही आणि गोराही. ‘तजेला’, ‘टवटवी’, ‘तुकतुकी’ हे शब्द वर्णाला न शिवता तेवढेच काम करू शकले असते. ते फारसे ऐकू येत नाहीत, ह्याचे कारण बोलणारीच्या समोर जे टिपण असते ते इंग्रजीत असते व तिने ते बोलताबोलता भाषांतरित केलेले असते.

खरी संपत्ती मात्र अन्यत्र आहे. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा अशी बारीक पायऱ्यांची वर्णमाला मराठीने घडविली होती. विवाहाच्या बाजारात तिचा फार क्रूर उपयोग झाला, हे विसरता येत नाही. तरीही ज्या भाषेत ‘सावळा’ हे पंढरीच्या दैवताचे विशेषण आहे तिला ही पायरी हलकी वाटत नव्हती, हेही तितकेच खरे. चेहऱ्याला लावावयाच्या फाउंडेशनच्या छटा नेमक्या ह्याच पायऱ्यांवर बसविल्या जातात. डब्यांवर त्यांना इंग्रजी नावे किंवा आकडे असतात, आणि मराठीतून बोलणारी इन्फ्लुएन्सर तेथे हमखास अडखळते. आकडा सांगते, इंग्रजी नाव सांगते, आणि तरीही ऐकणारीला कळले नसेल असे वाटून ‘म्हणजे आपली नेहमीची गव्हाळ स्किन असते ना, तिच्यासाठी’ असे काहीसे पुटपुटून जाते. त्या क्षणी ती टिपण सोडून बोलत असते, सर्वनाम ‘आपली’ हे असते, आणि ऐकणारी स्वतःच्या हाताच्या पंजाकडे पाहते.